शिक्षणशास्त्र व राज्यशास्त्र : जोड अभ्यास (मराठवाडा)

शिक्षणशास्त्र, राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे विषय विद्यापीठात एकत्र शिकण्याची पद्धत. शाळा कोणाच्या पैशावर चालते, कोणत्या भाषेत चालते आणि तिथून कसला नागरिक बाहेर पडावा असे सत्तेला वाटते, हा या अभ्यासाचा गाभा. ब्रिटनमधील काही विद्यापीठांत अशी संयुक्त पदवी आहे. मराठवाड्यात ही सांगड बहुधा विद्यार्थी स्वतःच घालतो : बी. ए.ला राज्यशास्त्र, मग बी. एड. आंतरराष्ट्रीय संबंध एखाद्या पेपरात उरकतात. प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेत शिक्षणशास्त्र आणि राज्यशास्त्र वेगवेगळे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे मुख्य व गौण विषय निवडण्याची मुभा आली. शिकवायला प्राध्यापक असला तर तिचा उपयोग.

खरे तर या प्रदेशाला ही सांगड नवी नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता; तिथे उच्च शिक्षण उर्दूतून होते. उस्मानिया विद्यापीठ (१९१८) त्याच माध्यमाचे. मराठीतून शिकवणारी खासगी शाळा काढणे हेच तेव्हा राजकारण होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी नागपूर विद्यापीठ गाठले. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्धची आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली आणि दुसऱ्याच दिवशी हैदराबाद शरण आले. सार्वभौमत्व शिकवायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही, तरी वर्गात बहुधा युरोपातल्या १६४८ च्या वेस्टफालिया तहापासूनच सुरुवात होते.

औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० मध्ये आणि मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झाले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न इथे गावकुसापर्यंत जाऊन भिडला होता. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच वर्षीचे.

आजचा धडा बीड जिल्ह्यातल्या हजेरीपत्रकात सापडतो. दिवाळीच्या सुमारास कोयता निघाला, म्हणजे ऊसतोड कुटुंबे गाव सोडून निघाली, की काही नावांपुढे ‘गै’ची (गैरहजेरीची) रांग लागते, मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली असतात. त्याच उसाच्या साखरेला भारत देत असलेल्या साहाय्यावर ऑस्ट्रेलिया, ब्राझील व ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला, भारताने अपील केले. त्या वादात शेतकरी होता, कारखाना होता; तोडणीवाल्याचे पोर कुठेच नव्हते. त्याच्यासाठी गावात हंगामी वसतिगृह असते. तिथे राहिलेल्या मुलाचे नाव हजेरीत टिकते.