टेलेमार्कचं जड पाणी: नुसत्या पाण्यासाठी एवढं का?

कर्क डग्लसचा 'द हीरोज ऑफ टेलेमार्क' पाहिलाय का? १९६५चा सिनेमा, सगळीकडे बर्फ, स्कीवरून जाणारी माणसं, आणि दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या व्हेमोर्कच्या कारखान्यात घुसून जर्मनांचं हेवी वॉटर म्हणजे जड पाणी उडवायची खरीखुरी मोहीम. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला, पाण्यासाठी एवढं? म्हणून हे लिहितोय.

हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एकाच्या केंद्रात प्रोटॉनच्या जोडीला न्यूट्रॉन पण असतो, तो ड्यूटेरियम. त्याचं जे पाणी ते जड पाणी. दिसायला आपल्या पाण्यासारखंच, पण सुमारे ११ टक्के जड, त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर बुडतो!

जर्मनांना ते अणुभट्टीसाठी हवं होतं, आणि त्यातून पुढे अणुबॉम्ब होईल ही भीती होती. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन सुसाट सुटतात, आणि त्यांनी पुढचे अणू फोडायची साखळी चालू राहायची तर त्यांना ब्रेक लावावा लागतो. गोट्या आठवा, भिंतीवर आपटलेली गोटी तशीच उसळून येते पण तेवढ्याच वजनाच्या गोटीला नेमकी बसली की जागच्या जागी थांबते, म्हणून ब्रेकला हलका अणू हवा. साधं पाणी ब्रेक मस्त लावतं पण न्यूट्रॉन गिळतं पण, जड पाणी जवळपास गिळतच नाही. ग्रॅफाइट (पेन्सिलीतला कार्बन) चाललं असतं, शास्त्रज्ञ फर्मीने डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकेत शिकागोला त्याच्यावरच अणुभट्टी चालवली, पण जर्मनीत शास्त्रज्ञ बोथेंच्या मोजणीत ते अशुद्धीमुळे नापास झालं आणि सगळी मदार व्हेमोर्कवर आली. तिथे धबधब्याची वीज भरपूर, खतासाठी पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणं, चालायचं, त्यात हलका हायड्रोजन आधी निघून जातो आणि जड मागे साठत जातो. (आपल्या अलिबागजवळ थळलाही खत कारखान्याशेजारीच हेवी वॉटर प्लांट आहे, पद्धत मात्र वेगळी.)

आधी नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्लायडरने (बिनइंजिनाच्या विमानाने) पाठवलेल्या ब्रिटिश मोहिमेत ४१ जण मारले गेले. मग २७ फेब्रुवारी १९४३च्या रात्री नॉर्वेचीच पोरं पुलावर पहारा म्हणून खोल दरीत उतरली, पलीकडचा कडा चढली, आणि २३ वर्षांचा योआकिम रोनेबर्ग केबलच्या बोगद्यातून सरपटत आत शिरला. २ मिनिटांची वात त्याने कापून ३० सेकंदांची केली. पेटवणार तेवढ्यात तिथला नॉर्वेजियन कामगार म्हणाला, माझा चष्मा कुठंय, युद्धात दुसरा मिळायचा नाही. त्याला चष्मा शोधून दिला आणि मगच वात पेटवली! मला या मोहिमेतलं हेच सगळ्यात भिडतं. सुमारे ५०० किलो जड पाणी गटारात वाहून गेलं, एक गोळी न झाडता.

पण जर्मनांनी काही महिन्यांत प्लांट पुन्हा उभा केला. मग अमेरिकन बॉम्बहल्ल्यानंतर उरलेला साठा जर्मनीला न्यायला निघाले तेव्हा २० फेब्रुवारी १९४४ला त्याच पोरांतल्या क्नुत हाउकेलिडच्या टोळीने टिन तलावातली फेरीबोटच बुडवली. त्यात १४ नॉर्वेजियन नागरिक गेले, रोजचे प्रवासी, आणि त्यांना आधी सांगणं शक्यच नव्हतं.