जुना लिनक्स संगणक आणि अडखळणारा व्हिडिओ

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग प्रणाली टाकली की त्याचे दिवस पालटतात. लेखन, हिशेबाचे तक्ते, मेल सगळं सुरळीत चालतं. मग यूट्यूब उघडलं जातं, पंखा घोंघावू लागतो, आवाज पुढे धावतो आणि चित्र मागे राहतं. ‘आता याच्यात दम उरला नाही’ असं म्हणून लोक त्याला भंगारात काढतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण २०११ साली आलेल्या इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीचा प्रोसेसरही १०८०पी व्हिडिओ सहज दाखवू शकतो. फक्त तो व्हिडिओ त्याच्या चिपला उलगडता येणाऱ्या स्वरूपात यायला हवा.

१०८०पी व्हिडिओच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके (पिक्सेल) असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट धरले आणि सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला सुमारे १८६ मेगाबाइट माहिती होते. एवढी माहिती घरच्या सर्वसाधारण इंटरनेटवरून येऊ शकत नाही. म्हणून व्हिडिओ प्रचंड आवळून पाठवतात. एक चौकट पूर्ण येते आणि पुढच्या चौकटींसाठी बहुतांशी सूचनाच येतात: हा तुकडा मघाचाच आहे, थोडा उजवीकडे सरकवा, इथे एवढा फरक मिळवा. या सूचना वाचून चित्र पुन्हा उभं करायचं काम तुमच्या संगणकाचं. सेकंदाला ३० चौकटी असतील तर प्रत्येकीसाठी ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० असतील तर १७ पेक्षाही कमी. वेळ चुकली की ती चौकट गाळली जाते, आणि आपल्याला चित्र अडखळलेलं दिसतं.

आवळण्याच्या पद्धती वर्षागणिक हुशार होत गेल्या. २००३ च्या एच.२६४ मध्ये चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. २०१३ च्या व्हीपी९ मध्ये ते ६४ बाय ६४ पर्यंत जातात, तर २०१८ च्या एव्ही१ मध्ये १२८ बाय १२८ पर्यंत, आणि त्यांचे आणखी तुकडे करायचे मार्गही वाढले. त्यामुळे तेवढंच चित्र कमी डेटात मावतं, पण ते उलगडायला गणित जास्त लागतं. व्हिडिओ पाठवणाऱ्याची बँडविड्थ वाचते. गणिताचा भार पाहणाऱ्याच्या यंत्रावर येतो.

नव्या यंत्रांना हा भार जाणवत नाही, कारण त्यांच्या ग्राफिक्स चिपमध्ये केवळ व्हिडिओ उलगडण्यासाठी कोरलेलं वेगळं सर्किट असतं. पण हे सर्किट ठरावीक पद्धतीच जाणतं. सँडी ब्रिजला एच.२६४ येतं, व्हीपी९ येत नाही. इंटेलकडे व्हीपी९ साठी पूर्ण सर्किट २०१६ च्या केबी लेकपासून आलं, एव्ही१ साठी २०२० च्या टायगर लेकपासून. साइटने जुन्या यंत्राला व्हीपी९ दिलं, की सर्किट रिकामं बसतं आणि सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. तिथेही चांगली माणसं झटली आहेत: व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या प्रकल्पातला डेव्हिड (dav1d) नावाचा एव्ही१ डीकोडर, म्हणजे उलगडणारा प्रोग्राम, सर्किटाविनाही आश्चर्यकारक वेगाने चालतो. पण दोन गाभ्यांच्या जुन्या प्रोसेसरवर त्यालाही मर्यादा पडते.

म्हणून आधी निदान करा. यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या, म्हणजे आवळण्याच्या पद्धतीच्या, ओळीत ‘एव्हीसी१’ दिसलं तर एच.२६४ चालू आहे. ‘व्हीपी०९’ किंवा ‘एव्ही०१’ दिसलं तर दुखणं बहुधा तिथेच आहे. शेजारी गाळलेल्या चौकटींचा आकडा असतो आणि बफरचाही, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेल्या व्हिडिओचाही. बफर रिकामा होत असेल तर दोष नेटचा. बफर भरलेला असून गाळलेल्या चौकटी वाढत असतील, तर यंत्र उलगडण्यात मागे पडतंय. हा फरक न पाहता लोक नेटचा प्लॅन वाढवतात, आणि व्हिडिओ होता तसाच अडखळत राहतो.

उपाय साधा आहे. ‘एच२६४इफाय’ (h264ify) नावाचं छोटं ॲड-ऑन ब्राउझरमध्ये घातलं, की ब्राउझर साइटला सांगतो की मला नव्या पद्धती येत नाहीत. मग साइट एच.२६४ पाठवते. यूट्यूबवर एच.२६४ साधारण १०८०पीपर्यंतच मिळतं, पण जुन्या यंत्राला त्यापुढचं लागतही नाही. सेकंदाला ६० चौकटींचे व्हिडिओ अडवायची सोयही यात आहे. ती जरूर वापरा.

आता हे सर्किट जागं आहे का ते पाहायचं. लिनक्सवर ब्राउझर आणि सर्किट यांच्यामधला दुवा म्हणजे व्हीए-एपीआय. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘व्हीएइन्फो’ (vainfo) ही आज्ञा दिली की चिपला येणाऱ्या पद्धतींची यादी मिळते. एच.२६४ च्या ओळीपुढे ‘व्हीएलडी’ (VLD) असेल तर उलगडण्याची सोय आहे. यादीऐवजी चूक दाखवली गेली तर बहुधा चिप चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नाही किंवा चुकीचा आहे: २०१४ च्या ब्रॉडवेल पिढीपासून पुढच्या इंटेल चिपना ‘आयएचडी’ चालतो, त्याआधीच्यांना जुना ‘आय९६५’ लागतो. फायरफॉक्सने २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून इंटेल ग्राफिक्सवर ही सोय आपोआप चालू ठेवली आहे, त्यामुळे ब्राउझर अद्ययावत असणंही महत्त्वाचं. पेटंटच्या अडचणींमुळे लिनक्सची काही वितरणं (तयार आवृत्त्या) एच.२६४ चे भाग सोबत देत नाहीत. त्यांपैकी फेडोरावर ते आरपीएम फ्यूजन या वेगळ्या भांडारातून घ्यावे लागतात.

पैसे भरून पाहायच्या सेवांचं गणित वेगळं. तिथे व्हिडिओ कुलूपबंद येतो आणि वाइडव्हाइन नावाचा घटक ते कुलूप उघडतो. डेस्कटॉप लिनक्सवर हे काम सहसा सॉफ्टवेअरमध्येच होतं, त्यामुळे सर्किटाचा फारसा उपयोग होत नाही आणि अनेक सेवा कमी रेझोल्यूशनच देतात. इथे ३२ बिट प्रणालीही आडवी येते: क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली. पण अनेक जुन्या यंत्रांचा प्रोसेसर ६४ बिट असतो, वर बसवलेली प्रणाली मात्र ३२ बिट. ‘एलएससीपीयू’ (lscpu) आज्ञेने ते लगेच कळतं, आणि तसं असेल तर ६४ बिट लिनक्स नव्याने टाकणं हाच मार्ग आहे.

२००६ च्या कोअर २ ड्युओसारख्या यंत्रात एच.२६४ चं सर्किटही नसलं, तर ४८०पी निवडा आणि समाधानाने पाहा. आणि यंत्र कोणतंही असो, पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असेल तर १०८०पी मागू नका. ७२०पीच्या चौकटीत ९ लाख २१ हजार ६०० ठिपके असतात, १०८०पीच्या निम्म्याहूनही कमी, आणि असा पडदा ७२०पीहून फारसं जास्त दाखवूच शकत नाही.