पाटीच्या दगडावरची वाइन

वाइनचा विषय निघाला की लोक लगेच चव, वास, ग्लास कसा धरायचा यावर घसरतात, मला मात्र त्यात डोंगराचा उतार जास्त इंटरेस्टिंग वाटतो. जर्मनीत मोझेलला मिळणारी झार नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यात विल्टिंगन गावाजवळ शार्त्सहोफबेर्ग नावाचा डोंगर आहे (नाव घेताना जीभ अडखळते, माझीही). तिथला मळा आधी ट्रियर शहरातल्या एका मठाचा होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात गेला, चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकायला निघाल्या आणि १७९७ साली जाँ-जाक कोख यांनी तो घेतला. तेव्हापासून मळा त्याच घराण्यात आहे, आता आडनाव म्युलर, आणि पिढ्यान्पिढ्या मालकाचं नाव एगॉनच, त्यामुळे राजांसारखे नंबर लावावे लागतात, सध्याचे चौथे. अख्खा डोंगर काही त्यांचा नाही, पण मोठा वाटा त्यांच्याकडे आहे.

आता गंमत बघा. अक्षांश जवळपास ५०, म्हणजे इतक्या उत्तरेला द्राक्षं पिकणंच मुश्किल. सप्टेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर असतो, त्यामुळे सपाट जमिनीवर किरण तिरपे पडून पसरतात. तीच जमीन दक्षिणेकडे ३० अंश कलती केली तर किरण जवळजवळ सरळ पडतात आणि तेवढ्याच जागेला साधारण दीडपट ऊन मिळतं! शिवाय थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली दरीत निघून जाते, म्हणून दव गोठून नुकसान होण्याचा धोका वरच्या वेलींना कमी. आणि जमीन कसली, तर स्लेटची, शाळेच्या पाटीचा तोच दगड, काळपट असल्याने दिवसभर तापतो आणि पाऊस पडला की पाणी धरून ठेवत नाही.

द्राक्ष एकच, रीसलिंग. लवकर तोडलं तर काबिनेट नावाची हलकी वाइन, उशिरा तोडलं तर श्पेटलेझ, त्यापुढे आउसलेझ. सगळ्यात वर ट्रॉकनबेरनआउसलेझ, ती तर बुरशीची करणी आहे. सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असलं की बोट्रायटिस बुरशी मण्यांच्या सालीला बारीक भोकं पाडते, पाणी उडतं, मणी मनुक्यासारखे सुकतात आणि आत साखर घट्ट होते. मग ते एकेक करून हातानं वेचायचे. मोजमाप एक्स्ले या एककात, किमान १५० लागतं, म्हणजे लिटरभर रसाचं वजन निदान १,१५० ग्रॅम. एवढ्या साखरेत, साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टचाच दम निघतो, ते मध्येच थांबतं आणि अल्कोहोल बऱ्याचदा ६-८ टक्क्यांवरच राहतं.

मग ही वाइन नुसती पाकासारखी गोड लागत असेल असं वाटतं ना? नाही लागत, कारण तिथल्या थंड रात्रींमुळे द्राक्षातली आम्लं टिकून राहतात, आणि साखर नि आंबटपणा मिळून ती बाटलीत कित्येक दशकं चांगली राहते.