झागोरा की मर्झूगा : मोरोक्कोच्या सहलीतली दोन वाळवंटं

मोरोक्कोच्या सहलीचे कार्यक्रम चाळायला घेतले की एक ओळ सगळीकडे सापडते : सहारात एक रात्र, उंटावरून फेरी, तंबूत मुक्काम. सोबतचा फोटोही ठरलेला असतो. केशरी वाळूची उंच टेकडी आणि तिच्या धारेवरून निघालेली उंटांची रांग. मराकेशहून निघणाऱ्या दोन दिवसांच्या सहलीला हाच फोटो, आणि कासाब्लांका, फेस, मराकेश असं सगळं फिरवणाऱ्या दहा दिवसांच्या सहलीलाही हाच. फोटो बहुतेक वेळा मर्झूगाचा असतो. दोन दिवसांची सहल मात्र जाते झागोराला.

दोन्ही गावं मोरोक्कोच्या आग्नेय भागात, सहाराच्या उंबरठ्यावर आहेत. दोन्हीकडे उंट आहेत, तंबू आहेत, रात्री शेकोटीभोवती ढोल वाजतात. त्यामुळे दोन्ही नावं एकाच गोष्टीची असावीत तशी वापरली जातात. प्रत्यक्षात एका गावाहून दुसऱ्याला गाडीने जायचं तर पाच-एक तास लागतात, आणि दोन्हीकडचं वाळवंट निराळं आहे.

सहारा म्हणजे वाळू असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खरं तर सहाराचा बराच मोठा भाग खडक, गोटे आणि टणक कोरड्या मातीचा आहे. वाळूचे डोंगर ठरावीक जागीच साचतात आणि अशा वाळूच्या प्रदेशाला तिथे एर्ग म्हणतात. मोरोक्कोत प्रवाशांच्या वाटेवर येणारे मोठे एर्ग दोन. एक मर्झूगाला खेटून असलेला एर्ग शेब्बी आणि दुसरा म्हामिद गावाच्या पश्चिमेला असलेला एर्ग शिगागा. झागोरा यांपैकी एकाच्याही काठावर नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

मर्झूगा अल्जीरियाच्या सरहद्दीजवळ आहे. रिसानीहून तिकडे निघालं की दोन्ही अंगांना काळपट गोट्यांचं सपाट माळ लागतं. झाड नाही, चढ नाही. आणि त्या माळाच्या कडेला, मधे काही न येता, केशरी वाळू एकदम उभी राहते. एर्ग शेब्बी उत्तर-दक्षिण वीस किलोमीटरहून जास्त लांब आहे, रुंदीला मात्र पाच-सात किलोमीटरच. पण त्यातल्या सर्वांत उंच टेकड्या १५० मीटरपर्यंत जातात. जैसलमेरजवळचं सम पाहून आलेल्यांच्या मनात वाळूच्या टेकडीचं जे माप असतं, ते इथे पुरत नाही. मऊ वाळूत प्रत्येक पाऊल अर्धं मागे घसरतं, म्हणून माथा गाठायला चांगला दम लागतो. कडेकडेच्या घट्ट धारेवरून चढणं सोपं पडतं, हे उंटवाले आपणहून सांगतात. वाळूचा रंग लोहामुळे आलेला आहे. दुपारी तो फिका पिवळट दिसतो आणि सूर्य कलला की लालसर होत जातो. त्यामुळे तिथे दुपारी पोहोचून लगेच चढायला लागण्यापेक्षा चहा पिऊन उन्हं उतरायची वाट पाहावी.

या टेकड्यांची एक कथा तिथे सांगतात. एका श्रीमंत कुटुंबाने दारात आलेल्या बाईला आणि तिच्या लेकराला आसरा नाकारला, म्हणून देवाने वाळूचं वादळ पाठवून त्या कुटुंबाला गाडून टाकलं. वाळवंटात पाहुण्याला पाणी आणि सावली नाकारणं म्हणजे काय, हे या कथेतून नीट कळतं. मर्झूगाच्या दक्षिणेला खामलिया नावाचं गाव आहे. सहाराच्या पलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात आणि त्यांचं ग्नावा संगीत आजही गातात. लोखंडी झांजा आणि मोठे ढोल, तास तासभर चालणारी लय. मोरोक्कोतल्या ग्नावा परंपरेला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. कॅम्पवरच्या शेकोटीपाशी होणाऱ्या कार्यक्रमापेक्षा या गावात बसून ऐकलेलं संगीत कितीतरी खरं वाटतं. बऱ्याच सहलींत मर्झूगात दुसरी सकाळ मोकळी असते. ती खामलियाला द्यावी, वाळूत क्वाड बाइक फिरवण्यात घालवू नये. त्या गाड्यांच्या आवाजाने शेब्बीची शांतता आधीच पुष्कळ खाल्ली आहे.

आता झागोरा. हे द्रा नदीकाठचं चांगलं नांदतं गाव आहे : बाजार, शाळा, सरकारी कचेऱ्या, हॉटेलं. आसपास वाळू आहे, पण ती विखुरलेली. दक्षिणेला तिन्फूपाशी एक सुटी टेकडी उभी आहे, इतर ठिकाणी झुडपांच्या आडोशाला साचलेले ठेंगणे ढीग. दोन दिवसांच्या सहलीचे तंबू बहुतेक अशाच सपाट, विरळ वाळूच्या जागी असतात. उंटाची फेरीही तेवढीच, गावाच्या कडेने. फोटोतली केशरी भिंत मनात धरून आलेला माणूस इथे खट्टू होतो आणि घरी जाऊन ‘झागोरात काही नाही’ असं सांगतो. मला यात झागोरावर अन्याय वाटतो. तिथे पुष्कळ काही आहे, फक्त ते वाळूचं नाही.

अ‍ॅटलास पर्वत ओलांडून वार्झाझातहून दक्षिणेला वळलं की उघड्या खडकाळ घाटानंतर अग्दझ गाव लागतं आणि तिथून खाली द्रा नदीचं खोरं सुरू होतं. पुढे म्हामिदपर्यंत सुमारे २०० किलोमीटर नदीला धरून खजुराचा पट्टा चालत राहतो. खजुराच्या उंच सावलीत डाळिंब, अंजीर, बदाम आणि त्यांच्या सावलीत बार्ली, भाजी, लसूणघास असं तीन मजली शेत. पाणी मातीच्या पाटांनी फिरतं आणि त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात फड पद्धतीची शेती पाहिलेल्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. शेतं सोडून पडीक जागेवर तटबंदीची मातीची गावं उभी आहेत. त्यांना क्सार म्हणतात. सुपीक मातीचा तुकडाही घरासाठी वाया घालवायचा नाही, हा हिशेब त्यामागे आहे.

१९७२ साली वार्झाझातपाशी अल मन्सूर एद्दहबी धरण झालं आणि तेव्हापासून द्राचं पाणी आवर्तनाने सुटतं. गेल्या काही वर्षांच्या दुष्काळात तेही आटलं. बायूद नावाचा बुरशीजन्य रोग खजुराची झाडं पोखरतो आहे. झागोरा भागात कलिंगडासाठी उपसलेल्या भूजलावरून पिण्याच्या पाण्याचे वाद झाले आणि सरकारला त्या पिकावर मर्यादा घालावी लागली. हे सगळं रस्त्यावरून दिसतं, गाडी थांबवली तर. झागोराच्या पुढे थोड्याच अंतरावर तामेग्रूत आहे. तिथल्या नासिरिया झावियाचं, म्हणजे सूफी मठाचं, ग्रंथालय सतराव्या शतकापासून जपलेलं आहे. हरणाच्या कातड्यावर लिहिलेल्या कुराणाच्या प्रती, खगोल, वैद्यक आणि व्याकरणावरची हस्तलिखितं तिथे पाहता येतात. त्याच गावात जमिनीत अर्धवट पुरलेल्या भट्ट्यांतून हिरव्या झिलईची मातीची भांडी निघतात. प्रत्येक भांड्याची हिरवी छटा थोडी वेगळी.

दोन दिवसांच्या सहलीत यातलं किती मिळतं? मराकेश ते झागोरा सुमारे ३६० किलोमीटर आहे. वाटेत २,२६० मीटर उंचीचा तिझी न तिश्का घाट आणि आइत बेन हद्दू या मातीच्या जुन्या तटबंदी गावाचा थांबा. सात तास गाडीत जातात, थांबे वेगळे. सूर्य मावळता मावळता तंबू गाठायचा आणि सकाळी उजाडताच परत फिरायचं. द्राचं खोरं काचेतून सरकून जातं, तामेग्रूत राहूनच जातं. म्हणजे जे झागोरात नाही ते पाहायला माणूस जातो आणि जे आहे ते न पाहता परततो. मर्झूगाही जवळ नाही. मराकेशपासून साधारण ५६० किलोमीटर, म्हणून तिकडच्या सहली किमान तीन दिवसांच्या असतात आणि पहिला मुक्काम दादेस किंवा तोद्रा घळीच्या परिसरात होतो. दोन दिवसांत मर्झूगा दाखवतो असं कुणी म्हणालं तर गाडीत किती तास बसायचं ते आधी विचारा.

इथपर्यंत झालं वाळू आणि तासांचं. पण निवड करताना मी स्वतः पाहीन ती गोष्ट दुसरी आहे. ही दोन ठिकाणं दोन वेगळ्या जुन्या वाटांची टोकं आहेत, आणि त्या वाटांनी मोरोक्कोतली दोन मोठी शहरं वाळवंटाला जोडली आहेत.

मर्झूगाची वाट फेसची आहे. मर्झूगाच्या अलीकडे रिसानी गावाला लागून सिजिलमासाचे अवशेष आहेत. आठव्या शतकात वसलेलं हे शहर कित्येक शतकं सहारा ओलांडणाऱ्या तांड्यांचं उत्तरेकडचं मोठं ठाणं होतं. दक्षिणेकडून सोनं यायचं आणि त्या बदल्यात वाळवंटातल्या खाणींमधलं मीठ जायचं. मोरोक्कोचा प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता १३५२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्याकडे निघाला तो इथूनच. त्याच्या काही वर्षं आधी तो आपल्या दौलताबादला येऊन गेला होता. आज तिथे माळावर मातीच्या पडक्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत, आणि बऱ्याच गाड्या न थांबता पुढे जातात. याच ताफिलाल्त भागातून अलावी घराणं पुढे आलं. त्यातल्या मौले रशीदने १६६६ मध्ये फेस घेतलं, त्याचा भाऊ मौले इस्माईलने मेकनेसला राजधानी थाटली, आणि मोरोक्कोचे आजचे राजे त्याच घराण्यातले आहेत.

झागोराची वाट मराकेशची. सोळाव्या शतकात सादी घराणं द्राच्या खोऱ्यातून उठलं आणि मराकेशला जाऊन राज्य करू लागलं. त्यांची कोरीव थडगी आणि अल बादी राजवाड्याचे अवशेष प्रत्येक मराकेश-दर्शनात दाखवतात. त्यांचाच सुलतान अहमद अल मन्सूर याने सोन्याच्या आणि मिठाच्या व्यापारासाठी सैन्य द्राच्या वाटेने वाळवंटापार धाडलं आणि त्या सैन्याने १५९१ मध्ये तोंदिबीच्या लढाईत तिंबक्तू ज्यांच्या ताब्यात होतं ते सोंघाई साम्राज्य मोडलं. झागोरात एक प्रसिद्ध पाटी आहे : तिंबक्तू, ५२ दिवस. उंटाने. लोक तिच्यापुढे फोटो काढतात, पण मराकेशमधली ती थडगी आदल्या दिवशी पाहिलेली असली तर त्या पाटीचा अर्थ कळतो.

म्हणून फेस ते मराकेश अशी एकमार्गी सहल असेल, तर मर्झूगाच घ्यावं. ते वाटेवरच पडतं आणि गेलेल्या रस्त्याने परत यावं लागत नाही. फेसहून निघालं की आधी इफ्रान, मग आझ्रूचं देवदाराचं जंगल आणि त्यातली माकडं, मधल्या अ‍ॅटलासचे थंड पठार, मिदेल्तची सफरचंदं, आणि मग झीझ नदीच्या घळीतून एकाएकी खाली उतरणारा खजुराचा हिरवा पट्टा. इफ्रानला १९३५ साली उणे २३.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तिथून सकाळी निघून त्याच दिवशी वाळूत पोहोचता येतं. रिसानीचा बाजार मंगळवार, गुरुवार आणि रविवारी भरतो. कार्यक्रमात तो दिवस जुळत असेल तर गाइडला आधीच सांगून ठेवा.

मुक्काम फक्त मराकेशमध्ये असेल आणि हातात तीन-चार दिवस असतील, तर द्राची वाट निवडा, पण झागोराला थांबू नका. डांबरी रस्ता म्हामिदला संपतो, तिथून फोर बाय फोर गाडीने पन्नासेक किलोमीटर गेलं की एर्ग शिगागा. हा शेब्बीहून विस्ताराने मोठा आणि माणसांपासून पुष्कळ दूर आहे. त्याच्याही पश्चिमेला इरिकी तलावाची कोरडी, भेगाळलेली तळजमीन आहे. सप्टेंबर २०२४ च्या मुसळधार पावसात तो तलाव अनेक दशकांनी भरला आणि वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी पाणी साचल्याचे फोटो जगभर गेले. हातात दोनच दिवस असतील तर झागोराला जरूर जा, मात्र द्राचं खोरं पाहायला जा. खासगी गाडी करून एक तंबूतली रात्र कमी केली तरी चालेल, तामेग्रूत सोडू नका.

एका दिवसात ‘वाळवंट’ दाखवणाऱ्या सहली मराकेशजवळच्या अगाफायला जातात. ते दगडी पठार आहे, मागे अ‍ॅटलासची शिखरं छान दिसतात, पण ते सहारा नाही.

ऋतू दोन्हीकडे सारखाच. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, कारण खजुराची तोडणीही तेव्हाच असते. मार्च-एप्रिलही चांगला, पण वाऱ्याचा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. डिसेंबर-जानेवारीत तंबूत रात्री हाडं गोठतात आणि तिश्का घाट बर्फामुळे कधीकधी बंद ठेवतात. शाकाहारी लोकांनी दोन्हीकडे एकच काळजी घ्यावी. भाज्यांचं ताजीन आणि कुसकुस सगळीकडे मिळतं, पण भाज्या मांसाच्या रश्श्यात शिजवलेल्या असू शकतात आणि हरिरा सूपचंही तसंच. तंबूत स्वयंपाक लवकर सुरू होतो, त्यामुळे हे तिथे पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही, आदल्या दिवशी सांगावं.

सहल ठरवताना आयोजकाला लेखी विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. तंबू कोणत्या गावापाशी आहे आणि त्यामागच्या एर्गचं नाव काय. ‘सहारा’ हे उत्तर पुरेसं नाही, शेब्बी किंवा शिगागा असं नाव यायला हवं. रोज गाडीत किती तास, आणि परतीचा रस्ता तोच की वेगळा. आठवडाभराहून जास्त वेळ असेल तर आणखी एक विचारून पाहा : झागोराहून नकोब, ताझारीन आणि अल्निफमार्गे रिसानीला जाणारा रस्ता कार्यक्रमात घालता येईल का. रस्ता पक्का आहे, रहदारी तुरळक. अल्निफपाशी रस्त्याकडेच्या दुकानांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या त्रिखंडी प्राण्यांचे (ट्रायलोबाइट) जीवाश्म विकायला असतात. त्यांत बनावटही पुष्कळ असतात, म्हणून महागडा नग घेताना जपून. द्राचं खोरं आणि शेब्बीची वाळू, दोन्ही एकाच सहलीत बसवणारा हा रस्ता छापील कार्यक्रमांत क्वचित दिसतो. मागितला तर मात्र बहुतेक स्थानिक ड्रायव्हरांना तो ठाऊक असतो.