शोषक गाभा मागवताना काय पाहावं: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डायपर असो, सॅनिटरी पॅड असो किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाखाली घालायची चादर, ओल धरायचं काम त्यातला गाभा करतो. चौकशीत पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो, ‘सॅप (द्रव शोषून फुगणारे दाणे) किती ग्रॅम घालता?’ तेवढ्यावरून गाभा चांगला की वाईट हे ठरत नाही. अंगाचं वजन पडल्यावर किती द्रव टिकतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला तो किती लवकर आत जातो, हे विचारायला हवं. सॅप दुप्पट घालूनही डायपर गळू शकतो. तो का गळतो, ते पुढे दिलं आहे.

गाभ्यात काय असतं

मुख्य माल दोन: फ्लफ पल्प आणि सॅप. फ्लफ पल्प म्हणजे पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा विरंजित लगदा. तो जाड पुठ्ठ्यासारख्या रोलमध्ये येतो. त्याचा तंतू साधारण अडीच मिलिमीटर लांब असतो. या लांबीमुळेच तंतू एकमेकांत गुंततात आणि गाभा ओला झाल्यावरही फाटत नाही. पल्प द्रव चटकन घेतो आणि इकडेतिकडे पसरवतो, पण दाबला की सोडून देतो.

द्रव धरून ठेवतो तो सॅप, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे साखरेसारखे दाणे, बहुतेक 150 ते 850 मायक्रॉनचे. शुद्ध पाण्यात ते वजनाच्या कित्येकशे पट फुगतात, म्हणून जाहिरातीतले आकडे डोळे दिपवतात. लघवीत मात्र क्षार असतात. 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात तोच दाणा 50 ते 60 पट फुगतो, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सुटं पाणी काढलं की 30 ते 35 पटच उरतं. हिशोब या शेवटच्या आकड्यावर करायचा.

मासिक पाळीच्या स्रावाचं गणित आणखी वेगळं आहे. त्यातली प्रथिनं आणि पेशी दाण्याभोवती थर धरतात, त्यामुळे सॅप बराच कमी आणि सावकाश फुगतो. डायपरचा गाभा लहान कापून पॅडमध्ये घालू नका. पॅडसाठी सॅप थोडा आणि द्रव पसरवणारा थर चांगला लागतो.

गाभा कसा बनतो

पल्पची शीट हॅमर मिलमध्ये जाते आणि तिचे तंतू सुटे होतात. पंख्याच्या हवेबरोबर ते जाळीच्या ड्रमवर येतात. ड्रमच्या आतून व्हॅक्यूम असतो, त्यामुळे साच्याच्या खळग्यात तंतू बसतात. सॅप त्याच कक्षात वरून सोडला जातो. वर आलेला जादा पल्प ब्रशचा रोलर खरवडून परत पाठवतो. मग गाभा टिश्यूत किंवा नॉनवोव्हनमध्ये (न विणलेल्या कापडात) गुंडाळून रोलरखाली दाबला जातो.

आम्ही सगळ्यात जास्त लक्ष मिलवर ठेवतो. हातोड्या किंवा जाळी झिजली की पल्प पूर्ण सुटत नाही आणि गाठी राहतात. मिल गरजेपेक्षा जास्त रगडली तर तंतू तुटतात, भुगा वाढतो आणि गाभ्याची वीण सैल पडते. तपासणी सोपी आहे. चिमूटभर फ्लफ बोटांनी पातळ पसरून दिव्यासमोर धरा. चांगला फ्लफ ढगासारखा एकसारखा दिसतो. गाठ असेल तिथे तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका उठून दिसतो आणि बोटाला टोचतो.

पल्पमध्ये 6 ते 8 टक्के ओलावा लागतो. हवा फार कोरडी असली की स्थिर विजेमुळे तंतू यंत्राला चिकटतात आणि गाभ्याचं वजन खालीवर होतं. ओलावा जास्त झाला तर रोलरखाली पल्पचा पुठ्ठा होतो.

दाब आणि जाडी

‘पातळ हवा’ अशी मागणी आली की आम्ही घनता विचारतो. 600 जीएसएमचा (चौरस मीटरला 600 ग्रॅम) गाभा 0.15 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरला दाबला तर 4 मिलिमीटर जाड होतो, 0.20 ला 3 मिलिमीटर. जाडी याहून फार खाली गेली की गाभा कडक होतो, घडीवर तडकतो, आणि दाण्यांची टोकं खालच्या प्लास्टिक फिल्मला बारीक भोकं पाडतात. ग्राहक फिल्मला दोष देतात, पण दोष दाबाचा असतो. खरोखर पातळ गाभा हवा असेल तर पल्प कमी करून सॅपचं प्रमाण वाढवावं लागतं, आणि सॅपचा दर्जाही बदलावा लागतो.

सॅप वाढवला तरी गळतं का?

साधा, मऊ सॅप फुगला की दाणे एकमेकांना चिकटतात. मधल्या फटी बुजतात आणि वरच्या बाजूला जेलचं झाकण बसतं. खालचा सॅप कोरडाच राहतो आणि नवा द्रव कडेने वाट काढतो. वापरलेला, गळलेला डायपर उघडून पाहा: वर घट्ट जेलचा थर आणि त्याखाली हाताला कोरडा कुरकुरीत लागणारा सॅप असेल, तर हेच झालं आहे. यावर उपाय म्हणजे पृष्ठभाग जास्त क्रॉसलिंक केलेला, म्हणजे दाण्याच्या वरच्या थरातले रेणू एकमेकांना जास्त बांधलेला सॅप. तो मोकळा थोडा कमी फुगतो, पण वजनाखाली फटी उघड्या ठेवतो. म्हणून सॅपच्या कागदपत्रांत दाबाखालचं शोषण जरूर पाहा. 0.7 पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 49 ग्रॅम वजनाखाली, 20 पटींच्या वर आकडा असावा. गाभ्यावर द्रव पसरवणारा थर घातला तर आणखी फरक पडतो.

दुसरं कारण गोंद. हॉटमेल्ट जास्त फवारला की त्याची फिल्म बनते, द्रव अडतो आणि चिकटलेल्या दाण्यांना फुगायला जागा राहत नाही. तिसरं कारण गुंडाळी: नॉनवोव्हनवर पाणी ओढणारी प्रक्रिया झालेली नसेल तर थेंब वरच मोत्यासारखा उभा राहतो. एक थेंब टाकून पाहिला की कळतं. टिश्यू द्रव लगेच घेते, पण ओली झाल्यावर फाटते आणि जेल बाहेर येतं.

तुमच्याकडे करता येणारी चाचणी

नळाचं पाणी वापरू नका. त्यात क्षार कमी असले तर आकडा फुगतो. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम सॅपला बांधून ठेवतं आणि आकडा पडतो. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवा. रिकाम्या चहाच्या पिशवीत 0.2 ग्रॅम सॅप सील करून 30 मिनिटं बुडवा, 10 मिनिटं टांगून निथळू द्या, मग वजन करा. समजा वजन 12.6 ग्रॅम आलं आणि तशीच भिजवलेली रिकामी पिशवी 1.4 ग्रॅम भरली. 12.6 मधून 1.4 आणि 0.2 वजा करून 0.2 ने भागा: 55 पट. काटा निदान 0.01 ग्रॅमचा हवा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

पूर्ण गाभ्यासाठी तेच पाणी एकाच जागी तीनदा ओता, दरवेळी मध्ये 10 मिनिटं ठेवून. जिरायला लागलेला वेळ लिहा. तिसऱ्यांदा वेळ थोडा वाढणारच, पण तो कित्येक पट झाला तर सॅप किंवा त्याची मांडणी चुकली आहे. शेवटी फिल्टर पेपरची गड्डी ठेवून वर वजन द्या. गड्डीचं वाढलेलं वजन म्हणजे बाळाच्या त्वचेला लागणारी ओल.

माल ठेवताना

गाभ्याचे रोल पॉलिथिनमध्ये बंद, जमिनीपासून वर ठेवा. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की सॅप ओल ओढतो, त्याचे गोळे होतात. उघडलेला रोल त्याच दिवशी संपवा किंवा पुन्हा सील करा. सांडलेला सॅप कोरडा असतानाच झाडून घ्या आणि धुळीसाठी मास्क लावा. पाणी ओतलंत तर फरशी निसरडी होते आणि नाली तुंबते. जेल झालंच तर वर मीठ टाका. ते पाणी सोडतं आणि गोळा करता येतं.

तक्रार करताना रोलचा क्रमांक, त्याच रोलचे न वापरलेले 10 गाभे आणि गळलेले 2-3 नग पाठवा. गळलेला नग धुऊ नका आणि उघडून वाळवू नका. जेल कुठे बसलं आणि सॅप कुठे कोरडा राहिला, हे त्याच अवस्थेत दिसतं.