बोल गेम ऑप्ट-आउट

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (आपला नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो) ज्या स्टार प्लेअरचं एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजचे प्लेअर राउंडनुसार, नंबराने निवडतात त्यात) नाव जवळपास पक्कं आहे त्याने ऐनवेळी दुखापत नको म्हणून डिसेंबर-जानेवारीतला बोल गेम (सीझन संपल्यावरचा खास सामना) न खेळणं. कधी कधी अख्खा सीझनच सोडतात, पण ते प्रकरण थोडं वेगळं.

सुरुवात कधीची यावर एकमत नाही. बहुतेक जण डिसेंबर २०१६ सांगतात, एलएसयूचा (लुइझियाना स्टेट) लेनर्ड फोर्नेट सिट्रस बोल गेमला नाही म्हणाला आणि मग काही दिवसांतच स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅकॅफ्री सन बोल गेमला. पण फोर्नेटचा घोटा त्या सीझनभर त्रास देतच होता, त्यामुळे त्याला निव्वळ ऑप्ट-आउट म्हणावं का हा प्रश्न राहतो, आणि त्याच महिन्यात बेलरच्या शॉक लिनवूडनेही बोल सोडला होता, त्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नाही म्हणून बहुधा त्याचं नाव मागे पडलं. काही जण आणखी मागे जातात, २०१३ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या जेडेव्हियन क्लाउनीने पूर्ण सीझन बसून राहावं अशी चर्चा रंगली होती, पण तो खेळला आणि २०१४ ला पहिल्या नंबरवर गेला, म्हणजे ती चर्चाच, प्रथा नव्हे. मॅकॅफ्रीपासून धरणं जास्त सयुक्तिक वाटतं. दोघांचं नुकसान काही झालं नाही, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये फोर्नेट चौथा, मॅकॅफ्री आठवा.

तात्कालिक कारण मात्र जेलन स्मिथ. नोट्र डेमचा हा लाइनबॅकर (बचावातला प्लेअर) टॉप-५ मध्ये जाणार असं बोललं जायचं, १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बोलमध्ये गुडघ्याचे लिगामेंट फाटले, नसही दुखावली, आणि तो दुसऱ्या राउंडमध्ये ३४ वा गेला, पहिला सीझन तर पूर्ण बाहेर. एनएफएल आणि प्लेअर संघटनेच्या २०११ च्या करारापासून रुकीचा (नव्या प्लेअरचा) पगार ड्राफ्टच्या नंबरवरच जवळपास ठरतो, एजंटने कितीही ताणलं तरी फार फरक नाही, म्हणून नंबर घसरला की पैसे गेलेच. शिवाय शाळा संपून तीन वर्षं होईपर्यंत ड्राफ्टमध्ये जाताच येत नाही, ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने यावर केस केली, खालच्या कोर्टात जिंकला आणि २००४ मध्ये अपिलात हरला (निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर, पुढे सुप्रीम कोर्टात गेल्या).

टीमशी गद्दारी, हल्लीच्या पोरांना खेळाचं प्रेमच नाही, वगैरे टीका नेहमीची. ती करणारे बरेचदा स्वतः पगारी असतात हेही खरं.

२०२० मध्ये कोविडमुळे जमार चेस, पेने सूएल, मायका पार्सन्स यांनी पूर्ण सीझन सोडला, तरी तिघेही पहिल्या राउंडमध्येच गेले. उलट ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठ) मॅट कोरल १ जानेवारी २०२२ चा शुगर बोल खेळला, घोटा दुखावला, तिसऱ्या राउंडमध्ये गेला. डिसेंबर २०२३ च्या ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेटचे इतके जण गायब होते की जॉर्जियाने ६३–३ ने धुतलं.

जुलै २०२१ पासून प्लेअरला स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि २०२४ पासून प्लेऑफ (राष्ट्रीय विजेता ठरवणारे बाद फेरीचे सामने) १२ टीमचा झालाय. प्लेऑफ सहसा कोणी सोडत नाही, बाकीच्या बोलांचं अवघड आहे. कोलोराडोचे ट्रॅव्हिस हंटर आणि शेडूर सँडर्स मात्र डिसेंबर २०२४ चा अलामो बोल विमा काढून खेळले, टीम ३६–१४ ने हरली, हंटर दुसरा गेला, सँडर्स पाचव्या राउंडपर्यंत घसरला, पण त्यात दुखापतीचा संबंध नव्हता.