गेम कन्सोल कंपन्यांची मालिकानिर्मिती

टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा डबा म्हणजे गेम कन्सोल. खान्देशात त्याला 'टीव्ही गेम' म्हणतात, नाहीतर नुसतेच 'व्हिडिओ गेम'. हा डबा विकणाऱ्या कंपन्यांनी गेमबरोबर स्वतःच्या पैशाने मालिका, माहितीपट आणि रिअ‍ॅलिटी शो काढायला घेतले, त्या उद्योगाची ही नोंद. त्यातले ठळक प्रयोग दोन : मायक्रोसॉफ्टचा 'एक्सबॉक्स एंटरटेनमेंट स्टुडिओज' (२०१२–२०१४) आणि सोनीची 'पॉवर्स' ही मालिका (२०१५–२०१६). दोन्ही थोडक्यात आटोपले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या प्रेक्षकाला ते चालू असताना त्यांची गंधवार्ताही नव्हती. त्यातून निघालेल्या मालिका मात्र पुढे त्याच्यापर्यंत पोचल्या, आणि त्याही तो डबा घरात न आणता.

आपला धंदा सोडून दुसऱ्यात शिरणारी कंपनी खान्देशाला नवी नाही. अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तूप काढण्यासाठी निघालेली 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी साबणाकडून संगणकाकडे गेली आणि विप्रो झाली. ज्यांच्या आजोबांनी तेव्हाचे शेअर पेटीत ठेवून दिले, त्यांच्या गोष्टी अमळनेरात अजून सांगितल्या जातात. पण विप्रोने संगणक काढले ते तूप जास्त खपावे म्हणून नव्हे. कन्सोलवाल्यांनी मालिका काढल्या त्या डबा जास्त खपावा म्हणून. पुढचे बरेचसे या फरकातून आले.

हिशेब

कन्सोल विकून कंपनीला फारसे सुटत नाही. सुरुवातीची काही वर्षे तर पदरमोडच असते. कमाई होते ती गेमवर आणि दरमहाच्या वर्गणीवर. म्हणून डबा एकदा दिवाणखान्यात बसला की त्याच्यासमोर घरातली माणसे जितका वेळ बसतील तितके बरे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्याच आकडेवारीवरून सांगितले, की अमेरिकेत एक्सबॉक्स या तिच्या कन्सोलवर ऑनलाइन घालवलेल्या वेळातला निम्म्याहून जास्त वेळ गेममध्ये नव्हे, तर व्हिडिओ आणि संगीतात जातो. लोक एक्सबॉक्स लावत होते आणि नेटफ्लिक्स बघत होते. १ फेब्रुवारी २०१३ ला नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्स' ही स्वतःची मालिका एकदम सगळ्या भागांसह टाकली आणि ती गाजली. भाडेकरूचे दुकान जोरात चाललेले पाहून घरमालकाला आपणही गल्ल्यावर बसावेसे वाटले, तर नवल नाही.

याआधी जपानमध्ये थोडी चाचपणी झाली होती. निन्टेन्डोने १९९५ साली आपल्या सुपर फॅमिकॉम कन्सोलला उपग्रहावरून प्रक्षेपण पकडणारे 'साटेलाव्ह्यू' हे उपकरण जोडले. ठरावीक वेळी गेम सुरू व्हायचा आणि त्यासोबत रेडिओ नाटकासारखे निवेदन ऐकू यायचे. वेळ चुकली की कार्यक्रम हुकला. ही सेवा २००० पर्यंत चालली. पुढे २००९ मध्ये 'वी नो मा' या नावाने वी कन्सोलवर घरगुती कार्यक्रमांची वाहिनी निघाली, ती २०१२ मध्ये मिटली. सोनीने २०१० ते २०१२ या काळात 'द टेस्टर' हा स्पर्धेचा कार्यक्रम प्लेस्टेशन या आपल्या कन्सोलवर दाखवला. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर सोनीत गेम तपासण्याची नोकरी.

मायक्रोसॉफ्टचा स्टुडिओ

सप्टेंबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने नॅन्सी टेलेम यांना आणले. सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या मनोरंजन विभागाच्या त्या माजी प्रमुख. कंपनीचे मुख्यालय वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला, पण हा स्टुडिओ थाटला कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात, हॉलिवूडच्या शेजारी. सॉफ्टवेअरची माणसे आणि मालिकांची माणसे यांच्यात एका अख्ख्या किनाऱ्याचे अंतर पडले, ते नकाशावरही आणि स्वभावातही. मालिकेच्या धंद्यात दहा संहितांवर पैसा घालावा तेव्हा एखादी चालते. सॉफ्टवेअर कंपनीला दर तिमाहीला खर्चाची ओळ दिसते.

२१ मे २०१३ रोजी रेडमंडला एक्सबॉक्स वन जाहीर झाला. त्या कार्यक्रमात विभागप्रमुख डॉन मॅट्रिक आणि त्यांचे सहकारी 'टीव्ही' हा शब्द इतक्यांदा उच्चारत होते, की लोकांनी त्याचे तुकडे जोडून थट्टेचे व्हिडिओ केले. 'हेलो' या गाजलेल्या गेमवर मालिका येणार आणि स्टीव्हन स्पिलबर्ग तिचे कार्यकारी निर्माते असणार, ही घोषणाही त्याच मंचावर झाली. गेमवाला प्रेक्षक खूष होण्याऐवजी चिडला. आम्हाला गेमचा डबा हवा होता, तुम्ही सेट टॉप बॉक्स का देताय, असा त्याचा एकंदर सूर. त्यात जुने गेम दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने आणि दर चोवीस तासांनी इंटरनेटला हजेरी लावण्याची अट. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोन्ही अटी मागे घेतल्या, पण तोवर व्हायचे ते झाले होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन किनेक्ट कॅमेऱ्यासकट ४९९ डॉलरला आला आणि सोनीचा प्लेस्टेशन ४ शंभर डॉलरने स्वस्त, ३९९ ला. पुढे काय झाले ते सांगायला बाजार समितीतला अडत्या पुरेल.

या एक्सबॉक्स वनला मागे एक जादा खाच होती. केबलच्या सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय तार त्यात खुपसायची, म्हणजे टीव्हीचे चॅनेलही एक्सबॉक्समधूनच दिसणार. ही कल्पना अमेरिकेतल्या घरांसाठी चोख होती. त्याच मे महिन्यात जळगाव-धुळ्याच्या घरात काय होते, तेही बघावे. केबलवाल्याची काळी वायर खिडकीच्या फटीतून आत येऊन थेट टीव्हीच्या पाठीत जात होती, मध्ये डबाच नव्हता. मुंबई-पुण्याला सेट टॉप बॉक्सची सक्ती झाली होती, पण उरलेल्या शहरांसाठी तिसऱ्या टप्प्याची मुदत लांबत लांबत ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत गेली, आणि गावखेड्यांची त्याहून पुढे. ज्याच्या छपरावर डिशची छत्री होती, त्याच्याकडे डबा होता. पण दिवसाकाठी तासन् तास भारनियमन असलेल्या गावात तोही निम्मा वेळ आंधळाच. एक्सबॉक्स वन भारतात आला २३ सप्टेंबर २०१४ रोजी, किंमत ३९,९९० रुपये. तोवर ज्या स्टुडिओच्या कार्यक्रमांसाठी तो टीव्हीचा डबा व्हायला निघाला होता, तो स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय होऊन दोन महिने उलटले होते.

झाले असे, की फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नाडेला मायक्रोसॉफ्टचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. मार्चअखेर एक्सबॉक्सची सूत्रे फिल स्पेन्सर यांच्याकडे आली. ते गेमवाले गृहस्थ. जूनमध्ये किनेक्ट वगळून ३९९ डॉलरचा एक्सबॉक्स निघाला. १७ जुलै २०१४ रोजी कंपनीने १८ हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यातल्या बहुतेक, नुकत्याच विकत घेतलेल्या नोकियाच्या फोन व्यवसायाकडच्या. एक्सबॉक्स एंटरटेनमेंट स्टुडिओजचा निकालही त्याच दिवशी लागला. दोन वर्षे पुरी व्हायला दोन महिने कमी होते. डब्याला श्वास लागला तेव्हा सर्वांत आधी उतरवलेले ओझे मालिकांचे होते, कारण त्या स्वतःच्या पायावर उभ्या कधी नव्हत्याच; त्या डब्याची जाहिरात होत्या.

हातावेगळे झालेले काम

एवढ्या काळात जे पडद्यावर आले ते मोजकेच. जून २०१४ मध्ये, फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर, 'एव्हरी स्ट्रीट युनायटेड' सुरू झाला. गल्लीबोळांत खेळणारे वेगवेगळ्या देशांतले खेळाडू हेरायचे. त्यांचे मार्गदर्शक थिएरी हेन्री आणि एडगर डेव्हिड्स हे नावाजलेले माजी फुटबॉलपटू. त्याच महिन्यात बोनारू संगीत महोत्सव एक्सबॉक्सवरून थेट दाखवला गेला.

खरी बघण्याजोगी गोष्ट म्हणजे झॅक पेन यांचा 'अटारी : गेम ओव्हर' हा माहितीपट. १९८२ साली अटारी कंपनीने 'ई.टी.' चित्रपटावरचा गेम सुमारे पाच आठवड्यांत उरकून बाजारात ढकलला. तो पडला, आणि १९८३ मध्ये न विकलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला, अशी दंतकथा होती. २६ एप्रिल २०१४ रोजी कॅमेऱ्यासमोर तो डेपो खणला आणि कॅसेट खरोखर निघाल्या. एका कन्सोल कंपनीने पैसे घालून दुसऱ्या कन्सोल कंपनीची कबर उकरावी, आणि तो माहितीपट प्रदर्शित होईपर्यंत (नोव्हेंबर २०१४) स्वतःचा स्टुडिओही गाडला जावा, यातला विनोद कुणी लिहून काढलेला नाही. तो आपोआप जमला.

'हेलो : नाइटफॉल' ही पाच भागांची मालिकाही त्याच नोव्हेंबरात आली. रिडली स्कॉट तिच्या कार्यकारी निर्मात्यांपैकी एक होते.

आणि जे हातचे गेले ते सर्वांत चांगले होते. एका स्वीडिश मालिकेवरून बेतलेली, घरकाम करणाऱ्या यंत्रमानवांची 'ह्यूमन्स' ही मालिका ब्रिटनच्या चॅनेल ४ बरोबर ठरली होती. स्टुडिओ बंद झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या जागी एएमसी वाहिनी आली. जून २०१५ पासून २०१८ पर्यंत तिचे तीन हंगाम झाले. स्पिलबर्ग-प्रणीत 'हेलो' हात बदलत बदलत शेवटी मार्च २०२२ मध्ये पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर आली, म्हणजे घोषणेनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, आणि दोन हंगामांनंतर २०२४ मध्ये थांबली.

सोनी : आधी पडणे, मग उभे राहणे

सोनीकडे स्वतःचा चित्रपट स्टुडिओ, मालिका काढणारी शाखा, सगळे घरचे. तरी प्लेस्टेशनसाठीची तिची पहिली कथामालिका 'पॉवर्स' मार्च २०१५ मध्ये आली आणि दोन हंगामांनंतर ऑगस्ट २०१६ मध्ये बंद झाली. ती एका कॉमिकवर होती. एफएक्स वाहिनीने आधी तिचा नमुना भाग चित्रित करून नाकारला होता. प्लेस्टेशन प्लसच्या वर्गणीदारांना ती फुकट मिळायची. खोट याच जागी होती. मालिका ज्याला आवडेल त्याने आधी कन्सोल घ्यायचा आणि ज्याच्याकडे कन्सोल आहे तो गेम खेळण्यात गुंतलेला.

२०१९ मध्ये सोनीने 'प्लेस्टेशन प्रॉडक्शन्स' काढले आणि गणित उलटे मांडले. कार्यक्रम आपल्या डब्यावर कोंडायचा नाही. गोष्ट आपल्या गेमची द्यायची, दाखवायचे मात्र जिथे लोक आहेत तिथे. 'अनचार्टेड' (२०२२) चित्रपटगृहात गेला, 'ट्विस्टेड मेटल' (२०२३) ही मालिका पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर आणि 'द लास्ट ऑफ अस' ही मालिका एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर. निन्टेन्डोनेही २०२३ मध्ये मारिओचा अ‍ॅनिमेशनपट चित्रपटगृहांत सोडला आणि जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला.

खान्देशातली बाजू

खान्देशात नवा कोरा कन्सोल ही आजही मोजक्या घरांतली चीज. नव्वदीच्या दशकात आली ती चिनी बनावटीची, निन्टेन्डोची नक्कल असलेली यंत्रे. पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेले '९९९९९९ इन १', आणि आत तेच आठ-दहा गेम फिरून फिरून. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दुपारी बाहेर पडू न शकणारी पोरे पंख्याखाली याच यंत्राला चिकटलेली असत. उरलेल्यांसाठी तासाच्या भाड्यावरची गेम पार्लर होती. गेम हातात आला तो पुढे स्वस्त डेटाबरोबर, सप्टेंबर २०१६ नंतर, फोनवरच. कन्सोल ही पायरी या भागाने बहुतांशी गाळलीच.

दाखवणाऱ्याने स्वतः चित्र काढायला घेणे, हे मात्र इथे मायक्रोसॉफ्टच्या कितीतरी आधी घडले आहे. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले तरी १८६९ पर्यंत ते खान्देश जिल्ह्यातच होते, आणि आसपासच्या गावांची बोली अजून अहिराणीच. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख इतरांच्या फिल्मा दाखवता दाखवता स्वतः फिल्म काढायला लागले. २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेरा साधा व्हिडिओचा, नट यंत्रमागावरचे. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. तो कसा घडला यावर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला, आणि या सगळ्या उद्योगावर रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. यंत्रमागांना सुटी शुक्रवारची, म्हणून पार्लरला गर्दी शुक्रवारची. हा प्रेक्षक पडदा विकत घ्यायला नव्हे, तर पडद्यावर आपली गल्ली आणि आपली माणसे बघायला यायचा. सँटा मोनिकाच्या स्टुडिओत पैसा, नावे, यंत्रे यांपैकी कशाची वाण नव्हती, पण शुक्रवार कुणाचा, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही : गेमवाल्याचा की मालिकावाल्याचा. पार्लरनंतर सीडी आली, सीडीनंतर यूट्यूब. आज 'खान्देश' हा शब्द शीर्षकात मिरवणारे विनोदी व्हिडिओ आणि अहिराणी गाणी तिथे पार परराज्यांतही बघितली जातात.

'द लास्ट ऑफ अस' भारतात आली १६ जानेवारी २०२३ रोजी, डिस्ने प्लस हॉटस्टारवर. त्याच मार्चअखेर एचबीओचे सगळे कार्यक्रम हॉटस्टारवरून उतरले आणि मे महिन्यात जिओसिनेमावर चढले. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या मुलाने ती फोनवर पाहिली, अर्धी एका अ‍ॅपवर आणि राहिलेली दुसऱ्या अ‍ॅपवर. श्रेयनामावलीत प्लेस्टेशनचे नाव वाचून त्याच्या धाकट्या भावाने विचारावे, की दादा, हे प्लेस्टेशन म्हणजे कोणते चॅनेल?